मल्लेश्वरमचे स्थानक

बंगळूरच्या मुख्य स्थानकातून तुमकूरच्या दिशेने निघालेली गाडी वेग घेते न घेते तोच मल्लेश्वरम येते, पुढे यशवंतपूर. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे थांबत नाहीत. पुण्याहून येणाऱ्या प्रवाशाला हे स्थानक म्हणजे वळकटी आवरण्याची खूण, एवढेच वाटते. परंतु या वस्तीचे आणि तिच्या कुशीतून गेलेल्या लोहमार्गाचे नाते मोठे विलक्षण आहे.

वस्तीला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. कानडीत काडु म्हणजे रान. शहाजीपुत्र एकोजीने या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचे येथील १६६९ चा शिलालेख सांगतो. एकोजी पुढे तंजावरास गेला, देव रानातच राहिला.

या रानात रूळ आले ते दुष्काळामागून. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात संस्थानाच्या अंतर्भागात धान्य पोहोचविणे किती दुर्घट असते, हे म्हैसूरने अनुभवले होते. १८८४ मध्ये तुमकूरपर्यंत मीटरगेज मार्ग झाला. पुढच्या कामास संस्थानाचे द्रव्य अपुरे पडले, तेव्हा सदर्न मराठा रेल्वे कंपनी पुढे आली. (कंपनी विलायती, ‘मराठा’ हे केवळ नावापुरते!) १८८९ मध्ये मार्ग हरिहरास भिडला आणि हुबळीवरून पुण्याशी जोडला गेला.

ज्या वाटेने धान्य यावयाचे त्याच वाटेने मृत्यूही आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, १८९७ मध्ये पुण्याची दैना झाली, नंतर हुबळी. आणि ऑगस्ट १८९८ मध्ये हुबळीहून आगगाडीने आलेल्या एका नोकराबरोबर तो बंगळुरात उतरला. पेठांतील दाट वस्तीत त्याने जो कहर केला त्यातूनच उत्तरेस मल्लेश्वरम व दक्षिणेस बसवनगुडी ही उपनगरे आकारास आली. सरळ रुंद रस्ते, घरासभोवती मोकळी जागा, घरांच्या रांगांमागे सफाईसाठी राखलेल्या गल्ल्या: ही सारी रचना भीतीने शिकविलेली आहे. प्लेग ज्या रुळांवरून आला, त्यांच्याच शेजारी प्लेगपासून पळालेल्यांनी संसार थाटले.

मालक बदलत गेले. १९५१ मध्ये हा मार्ग दक्षिण रेल्वेत आला, २००३ मध्ये नैर्ऋत्य रेल्वेत. दरम्यान मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झाली. स्थानकाजवळची राजा मिल गेली, तेथे आता भव्य बाजारसंकुल उभे आहे. आणि २०१४ मध्ये हाकेच्या अंतरावर मेट्रोही धावू लागली.

मुंबईच्या चाकरमान्याला विजेची लोकल १९२५ मध्येच मिळाली. बंगळूरच्या उपनगराला दारात रूळ असूनही तशी सेवा लाभली नाही. रूळ उपनगराआधीच तेथे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दिरंगाईला काय म्हणावे ते सुचत नाही. आमच्यासारखा कारकून फाटकापाशी गाडी जाण्याची वाट पाहतो आणि बसने कचेरी गाठतो. उपनगरी रेल्वेच्या योजनेला २०२० मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, २०२२ मध्ये कोनशिला बसली. मल्लेश्वरमवरून देवनहळ्ळीकडे जाणाऱ्या नियोजित मार्गाचे नाव आहे ‘संपिगे’, म्हणजे आपला सोनचाफा. मल्लेश्वरमच्या हमरस्त्याचेही नाव तेच.