भूमध्य समुद्रांतील कुपा मासा

आपल्या किनाऱ्यावर ज्यास कुपा अथवा गेदर म्हणतात, त्या कुळांतील सर्वांत मोठा मासा, म्हणजे निळ्या परांचा कुपा, अटलांटिक महासागरांतून प्रतिवर्षीं अंडीं घालण्यासाठीं भूमध्य समुद्रांत शिरतो. त्याच्या या ठराविक वाटेवर स्पेन व सिसिली येथील कोळी शतकानुशतकें जाळ्यांच्या भिंती उभारीत. एका दालनांतून दुसऱ्या दालनांत जात मासा शेवटच्या कोठडींत येई. सिसिलींत कोळ्यांच्या नायकास 'राईस' म्हणत; जाळें ओढतांना कोळी संतांचीं नांवें घेऊन गात. ही रीत रक्तपाताची खरी. परंतु जाळें जागेवरच राही, आणि जो मासा त्या वाटेनें येई तोच सांपडे.

माशाच्या ऱ्हासाची चिंता मात्र नवी नव्हे. अंदालुसियाच्या किनाऱ्यावर या मासेमारीचा मक्ता मेदिना सिदोनियाच्या ड्यूक घराण्याकडे असे. अठराव्या शतकांत तेथील मासळी घटली, तेव्हां मार्तिन सार्मियेंतो या बेनेडिक्टाईन संन्याशानें १७५७ सालीं ड्यूकसाठीं कुप्याच्या प्रवासावर व मासळी घटण्याच्या कारणांवर निबंध लिहिला. मठांत राहूनही कोळ्याच्या पोटाचा विचार करणारा हा पुरुष आपणांस आदरणीय वाटला पाहिजे.

खरें संकट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आलें. यंत्रनौका पर्ससीन जाळ्यांनीं सबंध थवेच वेढूं लागल्या. पुढें जिवंत मासे पिंजऱ्यांत पुष्ट करून जपानच्या बाजारांत पाठविण्याचा व्यापार वाढला. कुप्याच्या रक्षणार्थ १९६६ सालीं रिओ दी जानेरो येथें आंतरराष्ट्रीय करार झाला होता. परंतु ठरविलेल्या मर्यादा शास्त्रज्ञांच्या सल्ल्याहून मोठ्या असत, आणि चोरटी मासेमारी निराळीच. २००७ सालींही ही मर्यादा २९,५०० टन होती.

शेवटीं राष्ट्रांनीं हात आखडला. बहुतेक ठिकाणीं ३० किलोंहून लहान मासा धरण्यास बंदी झाली, हंगाम कमी केला, आणि २०११ सालीं मर्यादा १२,९०० टनांवर आली. मासा पुन्हां वाढला. २०२१ सालीं संकटग्रस्त प्राण्यांच्या वर्गांतून त्याचें नांव निघालें. तथापि पश्चिम अटलांटिकांतील कुपा अजून फार क्षीण आहे, असेंही त्याच वेळीं नमूद झालें.

प्रिय बंधुभगिनींनो, शुक्रवारीं मांस वर्ज्य करून आपण मासळी घेतों. ती घेतांना दोन प्रश्न विचारावेत: मासा पूर्ण वाढलेला आहे काय, आणि तो कशानें धरला? मिनिकॉय बेटावरील कोळी काठी व गळ वापरून एकेक कुपा ओढून काढतात. त्या रीतींत इतर जीव फारसे मरत नाहींत. पोटापुरतें घेणें व बीज राखणें ही कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. ती आपल्या घरांतही पाळली जावो.