रशियन अद्भुतकथांचे पाठिराखे

पीटर्सबर्गमधील एक न्हावी सकाळीं न्याहारीसाठीं पाव कापतो आणि त्यांतून माणसाचें नाक निघतें. शहराच्या दुसऱ्या भागांत कोवाल्योव्ह नांवाचा सरकारी अधिकारी जागा होऊन आरसा मागतो, तों नाकाच्या जागीं नुसता सपाट चेहरा! पुढें तेंच नाक धन्याहून वरच्या हुद्द्याचा गणवेश घालून गाडींतून हिंडतें आणि त्याला ओळखहि देत नाहीं. निकोलाय गोगोलची ही 'नाक' नांवाची कथा मॉस्कोच्या एका नियतकालिकानें क्षुद्र व ग्राम्य म्हणून नाकारली. अद्भुत म्हटलें कीं राक्षस हवा, जादूची अंगठी हवी. कचेरींतला अधिकारी आणि न्याहारीचा पाव यांतूनहि अद्भुत निर्माण होऊं शकतें, हें पचनीं पडावयास वेळ लागतो.

ती छापली पुश्किननें. त्याच्या 'सोव्रेमेन्निक' या नियतकालिकांत १८३६ सालीं ती आली, आणि तिच्यासोबत त्यानें स्वतःची एक लहानशी टीप जोडली. लेखक ही थट्टा छापूं देण्यास बरेच दिवस राजी नव्हता. परंतु तिच्यांतील विलक्षणपणाचा आनंद वाचकांनाहि मिळावा म्हणून त्याचें मन वळविलें, असा त्या टीपेचा आशय आहे. रशियाच्या सर्वश्रेष्ठ कवीनें अशा चमत्कारिक कथेचें बोट धरून तिला वाचकांच्या दारीं आणून सोडावें, हें तिचें भाग्यच. सेन्सॉरची कात्री मात्र तिलाहि चुकली नाहीं. नाक व त्याचा धनी यांची चर्चमध्यें होणारी भेट बाजारपेठेंत हलवावी लागली! पु. ल. देशपांडे यांच्या 'अंमलदार' या रूपांतरामुळें गोगोलची उपहासाची बाजू मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. 'नाक' ही त्याच उपहासाची स्वप्नांत शिरलेली बहीण होय.

पुढच्या शतकांत शिफारस ही केवळ हौसेची गोष्ट उरली नाहीं. येवगेनी झाम्यातिनची 'आम्ही' ही कादंबरी १९२०-२१ मध्यें लिहून झाली. तींतील माणसांना नांवांऐवजीं आंकडे आहेत व घरांच्या भिंती कांचेच्या आहेत. मायदेशीं ती छापूं दिली गेली नाहीं. १९२४ मध्यें न्यूयॉर्कला इंग्रजी भाषांतर तेवढें निघालें. ग्लेब स्ट्रूव्ह या अभ्यासकाच्या पुस्तकावरून जॉर्ज ऑर्वेलचें तिच्याकडे लक्ष गेलें. त्यानें ती फ्रेंचमधून वाचली आणि १९४६ च्या जानेवारींत लंडनच्या 'ट्रिब्यून' साप्ताहिकांत तिच्यावर लिहिलें. तीन वर्षांनीं त्याची स्वतःची '१९८४' ही कादंबरी बाहेर पडली. रशियांत 'आम्ही' प्रसिद्ध झाली ती १९८८ सालीं. लेखक १९३७ मध्येंच पॅरिसला वारला होता.

मिखाइल बुल्गाकोव्हची हकीकत याहूनहि हृदयस्पर्शी आहे. शिक्षणानें डॉक्टर असलेला हा लेखक गोगोलला गुरु मानी. 'मृत जीव'चें त्यानें केलेलें नाट्यरूपांतर १९३२ सालीं मॉस्को आर्ट थिएटरच्या रंगभूमीवर आलें. त्याच्या 'मास्टर आणि मार्गारीटा' या कादंबरींत सैतान परदेशी प्राध्यापकाच्या वेषांत, एका बोलक्या बोक्यासह, मॉस्कोंत अवतरतो आणि लोभी अधिकारी, नाट्यगृहाचे व्यवस्थापक व संघटित लेखक यांची त्रेधा उडवितो. मधूनमधून येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलाताची कहाणी येते, आणि हंसणारा वाचक एकाएकीं गंभीर होतो. १९२८ मध्यें आरंभिलेल्या या कादंबरीचें हस्तलिखित, नाटकांवर बंदी येऊन सर्व बाजूंनीं कोंडी झाल्यावर, बुल्गाकोव्हनें १९३० मध्यें स्वतःच शेगडींत घातलें. गोगोलनेंहि १८५२ मध्यें, मरणापूर्वीं थोडे दिवस, 'मृत जीव'चा दुसरा भाग असाच जाळला होता. परंतु बुल्गाकोव्ह पुन्हां लिहावयास बसला. अखेरच्या आजारांत दृष्टि गेली, तेव्हां पत्नी येलेना सेर्गेयेव्हना हिनें वाचावें, त्यानें दुरुस्त्या सांगाव्या व तिनें त्या उतरून घ्याव्या, असा क्रम चालला. १० मार्च १९४० रोजीं तो वारला.

त्यापुढें २६ वर्षें येलेनानें तें बाड जपलें. विश्वासाच्या मोजक्या मंडळींना ती तें वाचावयास देई. युद्धकाळांत ताश्कंदला कवयित्री आन्ना अखमातोव्हानें तें वाचलें. अखेर १९६६ च्या नोव्हेंबरांत व १९६७ च्या जानेवारींत 'मॉस्क्वा' मासिकानें कादंबरी छापली. प्रस्तावना कोन्स्तान्तिन सिमोनोव्ह या वजनदार लेखकाची. पण सुमारें अष्टमांश मजकूर गाळलेला! तेव्हां वाचकांनींच टंकलेखनयंत्रें पुढें ओढलीं. गाळलेले उतारे, कोणता कुठें बसतो याच्या खुणांसह, हस्तेपरहस्ते फिरूं लागले. रशियांत संपूर्ण पुस्तक निघालें तें १९७३ सालीं. येलेना १९७० मध्यें वारली होती.

या वाटेनें प्रथमच जाणाऱ्यानें आधीं 'नाक' वाचावी. तासाभराचें काम आहे. तींतील नाकाला जो हंसला, त्याला बुल्गाकोव्हचा बोका परका वाटणार नाहीं.

गोगोलचे अवशेष १९३१ मध्यें मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमींत हलविण्यांत आले, तेव्हां त्याच्या जुन्या थडग्यावरील मोठा दगड नकोसा होऊन बाजूला पडला. पुढें नवऱ्याच्या समाधीसाठीं दगड शोधतांना येलेनाला तो त्याच दफनभूमींत, पाथरवटांनीं टाकलेल्या तुकड्यांच्या ढिगांत दिसला. बुल्गाकोव्हच्या समाधीवर आहे तो हाच दगड.