रॉबिन हूडचा बोलपट आणि राजाची खंडणी

इसवी सन १९३८ च्या मे महिन्यांत ‘दि अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा वॉर्नर ब्रदर्सचा रंगीत बोलपट अमेरिकेंत पडद्यावर आला. एरॉल फ्लिनचा हंसतमुख रॉबिन, बेसिल रॅथबोनचा निष्ठुर सर गाय आणि किल्ल्याच्या दगडी जिन्यावरचें त्या दोघांचें तलवारयुद्ध यांनीं प्रेक्षकांना वेड लावलें. या झगमगाटामागें मात्र एका खऱ्या राजद्रोहाची कथा आहे.

धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला डिसेंबर ११९२ मध्यें व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डनें पकडलें आणि पुढें जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीच्या स्वाधीन केलें. धाकटा भाऊ जॉन यानें ही संधि साधली. फ्रान्सच्या फिलिप राजाशीं संगनमत करून, रिचर्डला आणखी कांहीं काळ कैदेंत ठेवावें म्हणून त्यानें सम्राटापुढें पैशाचें आमिष ठेवलें. हा विश्वासघात बोलपटकारांच्या कल्पनेंतला नाहीं. तो इतिहासांत नमूद आहे.

परंतु खंडणीच्या बाबतींत बोलपटानें इतिहासाला कलाटणी दिली आहे. पडद्यावर जॉन खंडणीच्या नांवाखालीं प्रजेला नाडतो आणि तो पैसा स्वतःला सिंहासन मिळावें म्हणून राखतो. वस्तुतः राजाच्या सुटकेसाठीं कर बसविला तो राजमाता एलिनॉर आणि रिचर्डचे मंत्री यांनीं. मागणी दीड लक्ष मार्कांची होती. लोकांकडून उत्पन्नाचा व जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा मागण्यांत आला. चर्चमधील सोन्यारुप्याचीं पात्रें गेलीं. सिस्टर्शियन मठांची वर्षाची लोकर गेली. फेब्रुवारी ११९४ मध्यें राजा सुटला. ज्या करांबद्दल प्रेक्षक जॉनला दूषणें देतात, ते प्रजेनें रिचर्डसाठीं सोसले होते. आणि दहा वर्षांच्या कारकीर्दींत हा राजा इंग्लंडांत सहा महिनेहि राहिला नाहीं.

शेवटहि असाच निराळा. बोलपटांत जॉन हद्दपार होतो. प्रत्यक्षांत रिचर्डनें मार्च ११९४ मध्यें नॉटिंगहॅमचा किल्ला वेढा घालून घेतला, आणि मे महिन्यांत शरण आलेल्या भावाला क्षमा केली. पांच वर्षांनीं तोच जॉन राजा झाला. जुलुमाला आळा घालण्याचा प्रयत्न झाला तो एखाद्या सज्जन राजाच्या पुनरागमनानें नव्हे. १२१५ सालीं सरदारांनीं जॉनकडून मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद करवून घेतली तेव्हां. रॉबिनचा संबंध रिचर्डशीं जोडला गेला तो तर सोळाव्या शतकांत. जुन्या पोवाड्यांत राजाचें नांव एडवर्ड असें येतें.

या बोलपटाचा संगीतकार एरिक कोर्नगोल्ड हा व्हिएन्नाचा यहुदी. १९३८ च्या आरंभीं तो या कामासाठीं हॉलिवुडला गेला, आणि मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. रॉबिन हूडमुळें आपला जीव वांचला, असें तो पुढें म्हणत असे. पडद्यावरचा राजा व्हिएन्नाच्या वाटेवरील कैदेंतून सुटून स्वदेशीं पोहोंचला. त्याच्या आगमनाचें संगीत रचणाऱ्याला मात्र महायुद्ध संपेपर्यंत आपल्या व्हिएन्नास परत जातां आलें नाहीं.