डब्लिनचा ठिपका, पुण्याचा नेम

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, 1888 साली एक वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी पैसा दिला, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिच्यासाठी दुर्बीण मागवली ती डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून. त्या काळी एवढी मोठी दुर्बीण भारतात दुसरी नव्हती. 1898च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला नायगमवालांनी जेऊरला तळ ठोकला होता. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याला तिचा पुरता विसर पडला आहे, याचं मला वाईट वाटतं.

नेमबाजीच्या पिस्तुलावर आज जो लाल ठिपका दिसतो, त्याचं कूळ शोधत मागे गेलं तर आपण याच ग्रबच्या दारात पोहोचतो.

त्याआधी नेम धरण्याची रीत शतकानुशतकं एकच होती. तोड्याच्या बंदुकीलाही नळीच्या तोंडाशी माशी असायची आणि मागे खाच. खाचेत माशी, माशीवर लक्ष्य. यातली अडचण डोळ्याची. खाच, माशी आणि लक्ष्य तीन वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकच अंतर स्वच्छ पाहतो. तरुणपणी हे कसंबसं निभतं. चाळिशी लागली की माशी धूसर होते.

ग्रब यांनी 1900 साली ज्या युक्तीचं पेटंट घेतलं, ती दुर्बिणी घडवणाऱ्यालाच सुचावी अशी होती. भिंगाच्या नाभीवर उजळलेली खूण ठेवली की तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. मध्ये तिरकी काच धरून ते डोळ्याकडे वळवले की ती खूण ताऱ्यासारखी अनंत अंतरावर दिसते. लक्ष्य आणि खूण दोन्ही एकदम स्पष्ट. डोळा थोडा डावी-उजवीकडे झाला तरी खूण लक्ष्य फारसं सोडत नाही. 1918 मध्ये बर्लिनच्या ओइगी कंपनीची अशी यंत्रं जर्मन लढाऊ विमानांवर चढली. 1975 मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने खुणेच्या जागी छोटा एलईडी बसवला, आणि ठिपका हातातल्या शस्त्रावर मावेल एवढा झाला.

पण डोळ्याचं ओझं उतरलं ते गेलं कुठे? माउंटवर, म्हणजे ठिपका शस्त्रावर ज्या बैठकीने बसतो तिच्यावर. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ठिपक्याच्या कौतुकात तीच निसटते. ग्रबच्या कारखान्याची ख्याती काचांइतकीच बैठकींसाठी होती. पृथ्वी फिरते तशी दुर्बीण त्याच गतीने उलट फिरवत राहणारी घड्याळी यंत्रणा ते बनवत. बैठक डळमळली तर उत्तम आरसाही कुचकामी, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पिस्तुलाचा हिशेब मांडून पाहू. एअर पिस्तुलावर माशी आणि खाच यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं. माशी खाचेत 0.1 मिलिमीटर सरकली तर, तुलनेसाठी 25 मीटर अंतर धरून, चूक होईल साडेसात मिलिमीटर. आता ठिपक्याच्या बैठकीची लांबी 40 मिलिमीटर धरा. तिच्या एका टोकाखाली तेवढाच, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतका उंचवटा राहिला, तर 25 मीटरवर नेम 62 मिलिमीटर ढळतो. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ सगळं मिळून 50 मिलिमीटर रुंद. कायमचा उंचवटा शून्य लावताना, म्हणजे ठिपका गोळी लागते त्या जागेशी जुळवताना, भरून काढता येतो. दर गोळीमागे कमी-जास्त होणारा काही केल्या भरून निघत नाही.

म्हणून पहिला प्रश्न काचेचा नव्हे: ही बैठक पिस्तुलाच्या कोणत्या अंगावर बसणार? स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, बसवली तर ती दर गोळीला मागे आपटते आणि पुढे येते, आणि तिच्यासोबत ठिपका, त्याची बॅटरी आणि स्क्रूही तेवढेच हादरे खातात. 1990 मध्ये नेमबाज डग कोनिग यांनी लाल ठिपक्यावर आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या संघटनेची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हाची रीत वेगळी होती. माउंट खालच्या फ्रेमला जखडायचा, स्लाइड त्याच्याखालून ये-जा करणार, ठिपका जागचा हलणार नाही. पुढे ठिपके हलके आणि चिवट झाले. 2015 मध्ये ग्लॉकने एमओएस पिस्तुलं आणली. त्यांत स्लाइडला खाचा पाडून मध्ये पट्टी बसवायची आणि पट्टीवर ठिपका. सोय झाली, पण एका जोडाचे दोन जोड झाले.

कागदी लक्ष्यावर गुण मोजायचे असतील तर माझा कौल जुन्या रीतीला आहे. .22चं पिस्तूल असेल आणि त्यात रुगर मार्कसारखा बोल्ट आतल्या आत सरकत असेल, तर न हलणाऱ्या रिसीव्हरवर लांब रेल, तीही नळीला शक्य तितकी चिकटून. तेल पुसून स्क्रूला लॉक्टाइट लावावं आणि टॉर्क रेंचने सांगितला आहे तेवढाच जोर द्यावा. उंचीचाही हिशेब आहे. ठिपका नळीपेक्षा 40 मिलिमीटर वर असेल आणि शून्य 25 मीटरवर लावलं असेल, तर गोळीचा मार्ग सरळ रेषा धरल्यास 10 मीटरवर ती सुमारे 24 मिलिमीटर खाली लागते.

आणि ठिपक्यावर डोळे झाकून विश्वासही नको. 20 मिलिमीटरच्या काचेत तो अगदी कडेला गेला तर नेम जवळजवळ 10 मिलिमीटर सरकतो, मग अंतर कितीही असो. 25 मीटरवर तो अजून दहातच असतो. 10 मीटरच्या एअर पिस्तुलात दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, तिथे तेवढी चूक परवडत नाही.

पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर मात्र पिस्तुलावरचा हा ठिपका स्पर्धेत दिसणार नाही. भारतातली पिस्तूल स्पर्धा आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांनी चालते. गणेश वासुदेव मावळंकर ज्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे 1951 मध्ये पहिले अध्यक्ष झाले, तिनेही तेच नियम धरले आहेत. पिस्तुलावर उघडी माशी आणि खाच, दुसरं काही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत 34-34 अशा बरोबरीनंतर शूट-ऑफमध्ये 25 मीटरचं सुवर्ण जिंकलं, ते याच उघड्या माशीवर.

त्यामुळे इथल्या नेमबाजाने निवडायचा माउंट नाकावर बसतो. पिस्तुलाला भिंग लावायला बंदी आहे. नेमबाजाने चष्म्यात घातलेलं चालतं. हात ताणला की माशी डोळ्यापासून साधारण मीटरभर दूर असते. डोळ्याची नजर दोन मीटरवर स्थिरावली तर माशी तीक्ष्ण दिसते आणि लक्ष्याचा काळा गोल पुसट पण ओळखू येईल इतपत राहतो. याचा हिशेब म्हणजे लांबच्या नंबरात +0.5 ची भर. रोजचा चष्मा इथे उपयोगी नाही, कारण पिस्तूल धरून उभं राहिल्यावर मान वळलेली असते आणि नजर भिंगाच्या कडेतून तिरकी जाते. नेमबाजीच्या चष्म्याच्या फ्रेममध्ये एकच गोल भिंग फिरत्या दांडीवर असतं. नजर त्याच्या मध्यातून आणि काटकोनात जाईल असं ते नेमबाजाने प्रत्यक्ष उभं राहून, हात उचलून लावायचं असतं. पिस्तूल बदललं किंवा पायांची ठेवण बदलली की ते पुन्हा लावावं लागतं.