शिकागोच्या नावातील रानकांदा कोणता?

शिकागो हे नाव मायामी-इलिनॉय भाषेतील एका रानकांद्याच्या नावावरून आले. तो कांदा नेमका कोणता, यावर मात्र वाद होता. अनेकांनी ॲलियम सर्न्युअम मानला: कोरड्या उतारांवर व कुरणांत वाढणारा, अरुंद पानांचा, त्याचा फुलदांडा टोकाशी खाली वाकतो. परंतु १६८७ मध्ये तेथे पोहोचलेल्या आंरी जुतेल या फ्रेंच प्रवाशाने जंगलात उगवणारी, लसणासारखी, रुंद पानांची वनस्पती नोंदवली आहे. ही खूण ॲलियम ट्रायकोकमची. त्याची पाने फुलोऱ्याआधीच सुकतात. जॉन स्वेन्सन यांनी १९९१ मध्ये हाच निष्कर्ष मांडला. केवळ शब्दकोशांवरून (तिथे दोन्ही ‘कांदा’च!) हा वाद सुटणे कठीण होते.