संचारस्वातंत्र्य (लखनौ)

संचारस्वातंत्र्य : देशात कोठेही विनाअडथळा जाण्याचा, तेथे राहण्याचा आणि आपल्या घरी परतण्याचा नागरिकाचा हक्क. भारतीय संविधानात तो अनुच्छेद १९ (१) च्या (घ) आणि (ङ) या उपखंडांत येतो. सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितसंरक्षणासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. परदेशी जाण्याचा हक्क मात्र अनुच्छेद २१ मधून आलेला आहे. १९६७ च्या सतवंतसिंग साहनी खटल्यात त्याला मान्यता मिळाली आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने त्याला बळकटी दिली. ‘संचार’ हा शब्द मराठी माणसाला जास्त करून ‘संचारबंदी’ या जोडशब्दात भेटतो, यावरून हा हक्क आपल्या लक्षात केव्हा येतो ते कळते.

लखनौच्या इतिहासात हा हक्क नाकारला गेल्याच्या खुणा ठळक आहेत. फेब्रुवारी १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शाह पुढच्याच महिन्यात कलकत्त्याकडे निघाले. तिथल्या मटियाबुर्जला त्यांनी छोटे लखनौ वसवले, पण १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत मूळ लखनौ त्यांना पुन्हा दिसले नाही. त्यांच्या बेगम हजरत महल यांनी १८५७ च्या उठावानंतर नेपाळात आश्रय घेतला आणि १८७९ मध्ये काठमांडूतच त्यांचा शेवट झाला. मराठी वाचकाला याच मुलखातली आणखी एक हद्दपारी ठाऊक असते : १८१८ नंतर कानपूरजवळच्या बिठूरला धाडलेले दुसरे बाजीराव. सालिना आठ लाखांचा तनखा होता, पण पुण्याला परतण्याची मोकळीक नव्हती.

राजेरजवाड्यांच्या हद्दपारीची नोंद राहते, रयतेची राहत नाही. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी उठावकऱ्यांकडून लखनौ परत घेतले तेव्हा शहर बव्हंशी ओस पडले होते. नंतर लष्करी अभियंता रॉबर्ट नेपिअरच्या आराखड्यानुसार दाट मोहल्ल्यांतून रुंद, सरळ रस्ते काढण्यात आले. पलटणीला व तोफांना अडथळ्याविना जाता यावे, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी शहराचा मोठा भाग पाडला गेला. रस्ता झाला तो फौजेच्या संचारासाठी, आणि त्याच्या आड आलेली घरे गेली.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम ज्या प्रांतांत लागू झाला त्यांत अवध होता. या कायद्याने जन्मावरूनच माणूस संशयित ठरे. त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि गाव सोडायचे तर पास घ्यायचा. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरची काटेरी तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ तिथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. पोलीस ठाण्यातली त्यामागची नजर मात्र रद्द झाली नाही. तिचा पुरावा म्हणजे खडक सिंग खटला.

खडक सिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडले. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची ‘हिस्ट्रीशीट’ उघडली. रात्री-अपरात्री चौकीदार व शिपाई दाराशी येत, हाका मारून उठवत, घरात शिरत. परगावी जायचे तर कळवावे लागे. मग तिकडच्या ठाण्याकडे चौकशीची चिठ्ठी जाई. हे सारे उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीच्या कलम २३६ नुसार चाले : घरावर गुप्त पहारा, रात्रीची झडती-भेट, सवयी, सोबती, मिळकत व खर्च यांची नियतकालिक चौकशी, ये-जा करण्याची नोंद. गुन्हा शाबित झाल्याशिवाय एका माणसाचे जगणे असे कागदावर उतरत राहिले.

सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनी १८ डिसेंबर १९६२ रोजी निकाल दिला. चौघांच्या बहुमतात न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्याबरोबर न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर होते. रात्रीच्या घरभेटी त्यांनी घटनाबाह्य ठरवल्या. ही नियमावली कायदा नसून नुसत्या खात्याच्या सूचना आहेत, हे त्यातले निर्णायक कारण. बाकीची पाळत मात्र कायम राहिली. पाय अडवले नाहीत तोवर संचाराला बाधा नाही, असे बहुमताचे म्हणणे. न्या. सुब्बाराव यांनी, न्या. शाह यांच्या सहमतीने, वेगळे मत नोंदवले : ज्याच्या पाठीवर पोलिसाची नजर सतत आहे तो मोकळा चालत नाही, त्याच्या मनावरच बेडी पडते. अल्पमताचे हे विधान या विषयावर भारतात लिहिल्या गेलेल्या सर्वांत खोल विधानांपैकी आहे. कायद्याने त्याच्यापर्यंत पोचायला ५५ वर्षे घेतली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मान्य केला आणि खडक सिंग निकालातला तो नाकारणारा भाग रद्दबातल ठरवला.

पाळतीच्या पुढची पायरी हद्दपारीची. मराठीत ‘तडीपार’, लखनौच्या बोलीत ‘जिला बदर’. ‘तड’ म्हणजे काठ. काठापलीकडे टाकलेला तो तडीपार. लखनौत हे काम १९७० च्या उत्तर प्रदेश गुंडा नियंत्रण अधिनियमाखाली होते. जानेवारी २०२० मध्ये लखनौत पोलीस आयुक्तालय आल्यापासून जिल्हाधिकाऱ्याचे हे अधिकार आयुक्तालयाकडे आहेत. आदेश निघाला की बऱ्याचदा पोलीस त्या माणसाच्या मोहल्ल्यात डुगडुगी पिटवतात आणि अमुक इसमास इतक्या महिन्यांसाठी जिल्ह्याबाहेर केले आहे, असे ओरडून सांगतात. आपल्याकडची दवंडीच ती. दाराआड उभ्या असलेल्या आईला, शाळेतून परतणाऱ्या मुलाला ती ऐकू येते. न्यायालयाने शिक्षा दिलेली नसते. शिक्षा मोहल्ल्यासमोर झालेली असते. नोटिशीत आरोपांचे ठोस स्वरूप हवे, नुसता छापील नमुना भरून चालणार नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९९ मध्ये भीमसेन त्यागी खटल्यात बजावले. तरी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला या कायद्याच्या गैरवापराबद्दल पुन्हा बोलावे लागले.

महाराष्ट्रात हेच अधिकार १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ मध्ये आहेत. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. स्वतंत्र भारतातल्या हद्दपारीच्या पहिल्या खटल्यांपैकी एक नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांचा. मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री असलेल्या खऱ्यांना १९५० मध्ये तीन महिन्यांसाठी दिल्ली सोडण्याचा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात २८ जानेवारी २०२२ रोजी मात्र न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांनी दोन वर्षांची तडीपारी रद्द केली. हा उपाय अपवादात्मक आहे, त्याने माणूस घरच्यांपासून तुटतो आणि पोटालाही मुकू शकतो, म्हणून कमाल मुदत द्यायची तर कारणे नोंदवली पाहिजेत, असे त्यांनी सांगितले.

एका माणसाऐवजी लाखोंचा संचार एकाच रात्री थांबला तो २४ मार्च २०२० रोजी, कोविडच्या टाळेबंदीने. आधार घेतला तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा, आणि राज्यांनी घेतला तो मुंबई-पुण्याच्या प्लेगकाळात, १८९७ मध्ये, झालेल्या साथरोग कायद्याचा. मुंबईत अडकलेले उत्तर प्रदेशचे मजूर मुंबई–आग्रा महामार्गाने चालत निघाले. त्यांतल्या कित्येकांना इगतपुरी-नाशिक परिसरात अडवून निवारा केंद्रांत ठेवले गेले. घरी जाण्यासाठी अर्ज, डॉक्टरचा दाखला, दोन्ही राज्यांची संमती अशी कागदपत्रे लागू लागली. एरवी या प्रवासाला तिकीट पुरते. १ मे रोजी केंद्राने ज्या पहिल्या सहा श्रमिक विशेष गाड्या जाहीर केल्या त्यांत नाशिक–लखनौ होती. आठशेहून अधिक माणसे घेऊन ती ३ मे रोजी चारबाग स्थानकात पोचली. अंतर राखून उतरवणे, ताप तपासणे, मग ज्याच्या-त्याच्या जिल्ह्याच्या बसमध्ये बसवणे, अशी व्यवस्था होती. रस्त्यावर उरलेल्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने महिनाअखेर स्वतःहून घेतली : २८ मे रोजी भाडे मजुरांकडून घेऊ नये असा आदेश झाला, ९ जून रोजी पंधरा दिवसांत सर्वांना घरी पोचवा असा. दरम्यान १ जूनला ज्या दोनशे गाड्या सुरू झाल्या त्यांत लखनौ–मुंबई पुष्पक एक्सप्रेसही होती, आणि काही आठवड्यांतच तिच्यातून माणसे पुन्हा मुंबईकडे कामाला येऊ लागली.