उपनगरांतील परसबाग



मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे वक्ता प्रथम आगगाडीपाशीं जाऊन उभा राहतो, आणि तें योग्यच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, ती घाटकोपर, भांडुप, मुलुंड या गांवांच्या शिवारांतूनच धावली. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईस रोजची एक गाडी सुरू झाली, तिच्या मोजक्या थांब्यांत बोरिवली आणि अंधेरी हीं नांवें होतीं. परंतु आगगाडीनें माणसें आणलीं, एवढेंच तिचें काम. त्या माणसांचे संसार या भूमींत रुजले कसे, हें गाडीच्या वेळापत्रकांत सांपडावयाचें नाहीं. त्यासाठीं घराच्या मागील दारानें बाहेर पडावें लागतें.

मागील दारीं काय असे? न्हाणीच्या पाण्यावर माजलेलें अळू, विहिरीकांठची केळ, मांडवावर चढलेली तोंडली, कुंपणाशीं शेवगा, आणि तुळशीच्या पलीकडे हळद, आलें, गवती चहा यांची दाटी. आज या परसबागेचा व तिच्या जोरावर चालणाऱ्या पाकघराचा थोडासा इतिहास सांगावयाचा आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, गांव सोडून शहराकडे निघालेल्या कुटुंबानें आपलें शेत लहान करून बरोबर आणलें, तें म्हणजे ही परसबाग. आणि तें शेत जिनें कसलें, तिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर झालेली नाहीं.

ज्या भूमीवर हीं उपनगरें उभीं आहेत तिचें जुनें नांव साष्टी, म्हणजे सहासष्ट गांवांचें बेट. येथें पिकविणें आणि खाऊं घालणें हें फार जुनें आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत, भिक्षूंच्या निर्वाहासाठीं मंगलठाण येथील शेत दान दिल्याचा उल्लेख येतो. हें मंगलठाण म्हणजेच बोरिवलीजवळचें मागाठाणें. गांवांचीं नांवें घ्या : बोरिवलीचा संबंध बोरीशीं जोडतात, मालाडजवळील चिंचवलीचा चिंचेशीं, अंधेरीच्या आंबिवलीचा आंब्याशीं. गांवांस झाडांवरून नांवें देणाऱ्या लोकांस परसबागेचें महत्त्व निराळें शिकवावें लागलें नसेल.

१५३४ सालीं साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ सालीं मराठ्यांनीं ती घेतली आणि १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांच्या हातीं पडली. राज्यें बदललीं, पण स्वयंपाकघरावर खरा अंमल बसला तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरलेल्या वनस्पतींचा. मिरची, पेरू, पपई, अननस, काजू हे सारे अमेरिकेचे पाहुणे. ते आले आणि परत गेलेच नाहींत. पुढें तर घरचे होऊन त्यांनीं जुन्या मंडळींस कोपऱ्यांत ढकललें. मिरचीनें मिऱ्याचें काय केलें हें आपण रोजच्या ताटांत पाहतोंच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत, मुंबई बेटावरील आपल्या आंब्यास वर्षांतून दोनदां फळ येतें, असें त्यानें मोठ्या कौतुकानें सांगितलें आहे. वर्षांतून दोनदां कैरी हातीं आल्यावर लोणच्याच्या बरण्या पुरल्या कशा, हें मात्र त्यानें लिहिलेलें नाहीं. तो वैद्य होता, गृहिणी नव्हता.

साष्टींतील ख्रिस्ती शेतकरी, ज्यांस आपण ईस्ट इंडियन म्हणतों, त्यांच्या घरांत हा संगम सर्वांत स्पष्ट दिसतो. यांची बोली मराठी, पूर्वज याच मातींतले, घरें मरोळ, आंबोली, गोराई अशा गावठाणांत. ‘ईस्ट इंडियन’ या नांवाची संस्था त्यांनीं १८८७ मध्यें स्थापन केली. उन्हाळ्यांत मिरच्या वाळवून, भाजून, कांडून ते जो मसाला करतात, तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून वर्षभर ठेवतात. म्हणून त्याचें नांवच ‘बॉटल मसाला’ पडलें. उजेड लागला म्हणजे मिरचीचा रंग व वास उतरतो. तेव्हां दारूची रिकामी बाटली संसाराच्या उपयोगीं पडण्याचा हा दुर्मिळ प्रसंग म्हणावा लागेल. आणि त्यांच्या सणासुदीच्या फुग्या ज्यानें एकदां खाल्ल्या, तो त्या घरच्या आमंत्रणाची वाट पाहत राहतो.

आतां पांढरपेशा कुटुंबांकडे वळूं. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें. दाट वस्तीच्या चाळींत उजेड व वारा नाहीं, ही गोष्ट तेव्हां सरकारासही उमगली आणि १८९८ मध्यें शहर सुधारणेसाठीं ट्रस्ट निघाला. ज्यांस जमलें ते हळूहळू बेटाबाहेर पाहूं लागले. १९१८ मध्यें वांद्र्यास साल्सेट कॅथलिक सहकारी गृहसंस्था निघाली. १९२० मध्यें मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. १९२२ च्या सुमारास मुलुंडच्या सरळ, चौकटींत आंखलेल्या रस्त्यांचा आराखडा तयार झाला. जोगेश्वरीस सारस्वत मंडळींनीं सरस्वतीबाग वसविली, पु. ल. देशपांडे यांचें बालपण तेथलेंच. वस्तीस वाडी म्हणावें, बाग म्हणावें, पण चाळ म्हणूं नये, असाच जणूं सर्वांचा निश्चय होता. १९२८ मध्यें बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली, तेव्हां अंधेरीचा कारकून कचेरीस वेळेवर पोंचूं लागला आणि घरीं परतल्यावर दुधीस पाणी घालण्याइतका उजेडही त्यास मिळूं लागला.

पाण्याची गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. विहार तलाव १८६० मध्यें व तुळशी तलाव १८७९ मध्यें पुरा झाला. दोन्ही साष्टींत; पण ते बांधले गेले मुंबई शहराची तहान भागविण्यासाठीं. साष्टींतील घरांचा भरवसा विहिरीवर. पाणी रहाटानें ओढावयाचें म्हणजे प्रत्येक घागरीची किंमत दंडास कळते. म्हणून पाणी दोनदां वापरण्याची युक्ति घरोघर होती. न्हाणीचें आणि भांडीं घासल्याचें पाणी पन्हाळीनें मागील दारीं जाई. पन्हाळीच्या तोंडाशीं अळू, त्यापुढें केळ, त्यापलीकडे कर्दळ व हळद, असा क्रम असे, आणि तो शोभेसाठीं लावलेला नसे. अळवास ओल सर्वांत अधिक लागते म्हणून तें प्रथम. केळ आधाशी म्हणून ती त्याच्या खालोखाल. भांडीं राखेनें घासलेलीं असत, तेव्हां पाण्याबरोबर राखेंतलें खतही जाई. पदवी न घेतलेल्या बाईनें आंखलेली ही पाटबंधाऱ्याची योजना होती, आणि ती कधीं अंदाजपत्रकाबाहेर गेली नाहीं.

अळू फुकट वाढे, पण तें खाजतें. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशांत टोंचतात, असें रसायनशास्त्र सांगतें. आजीस हें ठाऊक नव्हतें. तिला चिंच ठाऊक होती. पानांस चिंचगुळांत भिजविलेलें डाळीचें पीठ फांसून, गुंडाळून, उकडून तिनें अळूवडी केली. तेंच पान सारस्वताच्या घरीं पत्रोडो झालें आणि घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्याकडे पातरां झालें. कुंपण एक, पान एक, नांवें तीन. आणि प्रत्येक घराची खात्री अशी कीं, मूळ पदार्थ आपला, इतरांनीं तो पाहून उचलला. हा वाद कोणत्याही न्यायालयांत न जातां वाट्यांच्या देवघेवीवर चालत राहिला. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करूं नये, हा आपला रिवाज. त्यामुळें एकदां सुरू झालेली वाटी थांबण्याचें कारणच उरत नसे. शेवग्यास शेंगा धरल्या म्हणजे त्या एका घरास संपविणें अशक्य. तेव्हां आमटी, पिठलें, सांबारें सर्व झाल्यावर उरलेल्या शेंगा वाटावयास मुलें आळींत निघत. शेवग्याची फांदी ठिसूळ असल्यामुळें, शेंगांबरोबर एखादा चिरंजीवही खालीं येई.

या बागेचें पंचांग ठरलेलें असे. अक्षय्य तृतीयेस आळीं करून वेलांच्या बिया टोंचावयाच्या. त्या दिवशीं पेरलेलें क्षय पावत नाहीं, अशी श्रद्धा. त्याच सुमारास पापड, कुरडया, सांडगे उन्हांत पडत, आणि कावळ्यांवर नजर ठेवण्याच्या कामीं ज्या मुलाची नेमणूक होई, तोच ओल्या पापडांची लाटी पळवी. कैरीचें लोणचें मृगाच्या आधीं बरणींत गेलें पाहिजे, कारण दमट हवेंत बुरशी धरते. पहिल्या पावसानंतर बोरिवलीच्या रानांतून आदिवासी बाया शेवळीं, कंटोळीं, टाकळा घेऊन बाजारांत येत. शेवळीं अळवाप्रमाणेंच खाजरीं. म्हणून त्यांच्याबरोबर काकड नांवाचीं आंबट फळें त्या देत. रानाचा रोग व रानाचें औषध एकाच टोपलींत मिळे. श्रावणांत हळदीच्या पानांत पातोळ्या उकडत. काकडी जून झाली म्हणजे तिचें धोंडस किंवा तवसोळी होई. पावसाळ्याअखेरीस कोहळा उतरे; त्याच्या सालीवरील पांढऱ्या मेणामुळें तो महिनोन् महिने आढ्यास टांगून टिके, आणि पाहुणा आला म्हणजे त्याचा पाक किंवा वड्या होत.

या पंचांगांतील सर्वांत अर्थपूर्ण दिवस ऋषिपंचमीचा. बैलाच्या श्रमाचें त्या दिवशीं खावयाचें नाहीं. माणसाच्या हातानें लावलें तेंच चालेल, असा दंडक. अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळें, सुरण, भोपळा, मक्याचीं कणसें घालून ही भाजी होते. आपल्या सणांचा इतिहास लिहिणारे ऋग्वेदी, म्हणजे वामन मंगेश दुभाषी, हे पु. लं.चे आजोबा, त्यांच्यासारख्या विद्वानानें या भाजीपुढें क्षणभर थांबावें, अशी एक गंमत तींत आहे. लाल भोपळा आणि मका हे दोघेही अमेरिकेंतून आलेले. सप्तर्षींपैकीं एकानेंही त्यांस पाहिलें असण्याचा संभव नाहीं. तरी आपल्या बायकांनीं त्यांस ऋषींच्या पंक्तीस बसविलें, कारण त्यांची कसोटी सरळ होती : परसांत स्वतःच्या हातानें पिकलें काय? पिकलें असेल तर तें आपलें. धर्मशास्त्रज्ञांस जो प्रश्न दहा ग्रंथांत सुटला नसता, तो परसदारीं असा सुटला.

ही विद्या पुस्तकांत यावयास वेळ लागला. मराठींतील ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्यें छापलें गेलें. तें रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें, म्हणजे पुरुषाचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्यें निघालें आणि बाईची विद्या बाईच्या नांवानें ग्रंथांत आली. पण अळू कोठें लावावें, कोहळा केव्हां उतरावा, हें त्याही काळीं सासूकडून सुनेस तोंडीच मिळत होतें, बहुधा एखाद्या टोमण्यासहित.

दुसऱ्या महायुद्धांत या विद्येची परीक्षा झाली. ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली, आणि मे १९४३ मध्यें मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. धान्य मोजून, साखर मोजून. पण परसांतला दुधी कोणी मोजूं शकत नव्हतें. ज्या मागील अंगणाकडे घरांतील पुरुष तोंवर कौतुकानें पण वरवर पाहत, त्यांतील केळफूल, सुरण आणि भोपळा यांनीं अपुऱ्या भातास भर घातली. मोहिमेचीं भित्तिपत्रकें लागण्यापूर्वीं कित्येक वर्षें ती मोहीम तेथें चाललेली होती. तिला फक्त नांव नव्हतें.

पुढची हकीकत थोडक्यांत. १९५० मध्यें अंधेरीकडील भाग आणि १९५७ मध्यें बोरिवली व मुलुंडकडील भाग बृहन्मुंबईंत आला. जागेस भाव आला. टुमदार कौलारू घराच्या जागीं चार मजले, चारांच्या जागीं वीस झाले. पन्हाळीचें पाणी गटारांत गेलें, विहिरी बुजल्या, आणि शेवग्याच्या जागीं मोटार उभी राहिली. हें वाईटच झालें असें मी म्हणत नाहीं. एका घराच्या जागेंत चाळीस कुटुंबांस छप्पर मिळालें, ही लहान गोष्ट नव्हे. आणि विहिरीवरून घागरी वाहून ज्यांच्या कमरा वांकल्या, त्या बायकांनीं नळाचें स्वागतच केलें. परंतु वाटी थांबली. देण्याजोगें घरांत कांहीं पिकेनासें झालें, तेव्हां शेजाऱ्याच्या दारीं जाण्याचें निमित्तही गेलें. परसबागेबरोबर आपण गमावलें तें मुख्यतः हें.

तें सर्वस्वीं गेलें असेंही नाहीं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनीं ‘प्रयोग परिवार’ या चळवळींतून, गच्चीवरच्या थोड्या जागेंत, घरच्या ओल्या कचऱ्यावर भाजी पिकवितां येते, हें लोकांस शिकविलें. उपनगरांतील खिडक्यांच्या जाळ्यांत आजही तुळशीशेजारीं अळवाचें कुंडें दिसतें. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशीं अंधेरी-बोरिवलीच्या बाजारांत ऋषीच्या भाजीचे तयार जुडगे मिळतात, चिरलेलेसुद्धां मिळतात. ते खुशाल घ्यावेत. मात्र त्यांत आपल्या कुंड्यांतलीं दोन पानें तरी घालावींत, कारण त्या दिवसाचा नियम स्वतःच्या हाताचा आहे. आणि भाजी झाल्यावर एक वाटी शेजारीं पाठवावी. ती रिकामी परत येणार नाहीं.